फुटलं की गळतंच

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आया, बाप, काका. आणि त्यांनी मनगटाला धरून आणलेली, मान खाली घातलेली, तोंडभर मुरुमं आलेली पोरं. व्यासपीठावर रेशमी अंगरख्यातले शक्तिगुरू. त्यांच्यापुढे टेबल, टेबलावर पाण्याचे दोन जग. एकाचं झाकण तांबडं, दुसऱ्याचं निळं.

"पोराचा आवाज फुटला?" गुरू गरजले.

"फुटला!" बाप ओरडले.

"मडकं फुटलं तर काय होतं?"

"गळतं!"

"मग पोरगं फुटलं तर?"

सभागृहानं एकदम श्वास आत ओढला. असा बिनतोड मुद्दा कुणी कधी ऐकलाच नव्हता.

"फुटलं की गळतंच! शक्ती गळते, श्वासावाटे गळते. पटत नाही? फुंका आणि डोळ्यांनी बघा!"

एकेक पोरगं पुढे यायचं. तांबड्या झाकणाच्या जगातून ग्लास भरला जायचा. पोरगं नळीनं त्यात फुंकायचं आणि नितळ पाणी दुधासारखं व्हायचं. मग गुरूंचा बरा झालेला चेला, पैलवान, निळ्या जगातल्या पाण्यात गाल फुगवून फुंकायचा. पाणी नितळच्या नितळ. टाळ्या!

पिपाणीची पाळी आली. त्यानं नळी ओठांत धरली, फुंकलं, आणि पाणी पांढरं झा—

थांबा. पिपाणी कोण, ते आधी.

'आई' म्हणताना त्याच्या 'आ'ला ढोल वाजायचा आणि 'ई'ला पिपाणी. वर्गानं बारसं करून टाकलं. आवाजाचं एक वेळ चाललं असतं, पण छातीच्या डाव्या बोंडाखाली शर्टाच्या गुंडीएवढी गाठ आली होती. हात लागला की दुखायची. पोहण्यात हा मासा. पण उघड्या छातीनं तलावावर जायचं कसं? मग बहाणे सुरू. सर्दी, मग पोटदुखी, मग पुन्हा सर्दी. मध्येच झोपेत चादर ओली झाली. लघवी नव्हती, दुसरंच काही चिकट होतं. सकाळी उठून स्वतःच चादर बादलीत खुपसली. आईनं विचारलं तर म्हणाला, "पाणी सांडलं."

आपण आतून नासत चाललोय, याची त्याला खात्रीच पटली होती. विचारणार कुणाला? बाबा रंगारी. कोपरापर्यंत हात कायम चुन्यानं पांढरे, आणि बोलणं मोजकं. त्यांनी एवढंच पाहिलं, की पोरगं वाळतंय, पाण्याला भितंय. कुणीतरी गुरूंचं नाव सांगितलं आणि त्यांनी पोराला धरून आणलं. शनिवारी तलावावर संघाची निवड होती. ती आता गेलीच, असं पिपाणीनं मनाशी धरलं होतं.

हं, तर पाणी पांढरं झालं.

"अरेरे!" गुरूंनी कपाळाला हात लावला. "ही गळती नव्हे, हा धबधबा! वर्षभर आश्रमात ठेवा. शाळा बंद. पोहणं तर विसराच, पाणी शक्ती शोषतं."

"ठेवतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाजही फुटला होता, पण वेगळ्या कारणानं.

पिपाणीच्या हातावर ग्लासातलं पाणी सांडलं होतं. फुंकण्याआधीचं, नितळ. आता ते वाळलं होतं आणि मनगटावर पांढुरका पापुद्रा उरला होता. त्यानं मनगट पाहिलं. मग बाबांचे हात पाहिले. पुन्हा मनगट.

दवाखान्यातून धापा टाकत आलेली डॉक्टर आत्या तेवढ्यात गर्दीतून त्याच्यापाशी पोचली. आईनं तिला फोन केला होता.

"आत्या, हा तर चुना—" 'चु'ला ढोल, 'ना'ला पिपाणी. सभागृह खो खो हसलं. त्याचं तोंडच मिटलं.

आत्यानं मनगटावरून बोट फिरवलं. डोळे चमकले. "बोलता येत नसेल तर करून दाखव," ती कुजबुजली, आणि पदर खोचून थेट गुरूंपुढे उभी राहिली. "गुरुजी, मलाही फुंकायचंय!"

"बायकांना चालत नाही!"

"का? आमचे श्वास काय खालच्या प्रतीचे?"

गर्दी हसली, गुरू चिडले, पैलवान मध्ये पडला. तेवढ्यात पिपाणीनं दोन्ही जगांच्या झाकणांची अदलाबदल केली.

"पुरे!" गुरू ओरडले. "पैलवान, फुंक! शुद्ध देह कसा असतो ते दाखव या बाईंना!"

पैलवानानं निळ्या झाकणाच्या जगातून ग्लास भरला, गाल फुगवले, फुंकलं. दूध!

आता तांबड्या झाकणाच्या जगातून ग्लास भरून पिपाणीनं फुंकलं. बुडबुडेच बुडबुडे, पाणी नितळ.

गुरू काय कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "पाहिलंत! माझ्या नुसत्या दर्शनानं पोरगं बरं झालं, आणि त्याची सगळी गळती बिचाऱ्या पैलवानानं अंगावर घेतली!"

टाळ्या वाजणारच होत्या. पण बाबा व्यासपीठावर चढले. पैलवानाचा ग्लास ज्यातून भरला होता, तो जग त्यांनी उघडला, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. सावकाश म्हणाले, "चुन्याची निवळी. चुना खाली बसला की वर राहतं, ते पाणी. अहो, जन्म गेला माझा लोकांच्या भिंतींना चुना लावण्यात. आणि हा मलाच लावून गेला!"

हशा असा उसळला, की पैलवानही हसला.

आत्यानं त्याच जगातल्या पाण्यात फुंकलं. दूध! "आता मला मिसरूड फुटणार वाटतं," ती म्हणाली. "अहो, माणूस श्वास सोडतो त्यात एक वायू असतो. तो निवळीत मिसळला की ती पांढरी होते. बाप फुंको, बाळ फुंको, म्हैस फुंको. दुसऱ्या जगात साधं पाणी."

मग तिनं पोरांकडे तोंड केलं. "आता तुमचं. गळा वाढतोय म्हणून आवाज घसरतो, काही महिन्यांत बसेल. छातीत गुंडीएवढी गाठ बऱ्याच मुलांना येते, बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते. झोपेत चादर ओली होणं म्हणजे शरीराचं नवं काम सुरू झालंय, त्यानं शक्तीबिक्ती जात नाही. मुरुमं फोडू नका. गाठ वाढतच चालली, किंवा अंडकोषात अचानक जोरात दुखलं, तर लाजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि मडकं फुटलं की गळतं खरं. पण बी फुटलं की?"

"उगवतं!" पिपाणी ओरडला. पहिली दोन अक्षरं ढोल, पुढची पिपाणी. लोक हसले. या वेळी तोही हसला.

गुरू? ते मागच्या दारानं निघून गेले. गळले म्हणा हवं तर.

शनिवारी तलावावर प्रशिक्षकांनी त्याचं नाव पुकारलं. "हजर!" दोन आवाजांत. शेजारच्या पोरानं त्याच्या छातीकडे बघून विचारलं, "तुलापण?" आणि स्वतःची गुंडी दाखवली. शिट्टी वाजली आणि दोघांनी उडी मारली.

तेव्हा मंडळी, घरातल्या पोरांशी वेळेवर दोन शब्द बोला. ते तुम्ही बोलला नाहीत, तर कुणी असला शक्तिगुरू बोलेल. आणि उद्या कुणी तुमच्या पोराला फुंकायला सांगितलंच, तर आधी त्यालाच फुंकायला लावा. त्याच ग्लासात.