गडग्यापलीकडचं रक्त

बाळांनो, डोळे मिटा आणि मनात एक गडगा उभा करा. गडगा म्हणजे नुसत्या दगडांवर दगड रचून केलेली भिंत. पोलादपूरजवळच्या वाडीत असा गडगा दोन सख्ख्या भावांच्या अंगणांमधून जात होता. एका पावसाळ्यात तो ढासळला. थोरल्या हरीने पुन्हा रचताना तो हातभर धाकट्या कुशाबाच्या अंगणात घुसवला, असं कुशाबाचं म्हणणं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. शिव्या मात्र रोज, आपापल्या गुरांना ऐकवून.

"ढवळ्या, चोराच्या दारात तोंड घालू नको रे!" कुशाबा बैलाला बजावायचा.

"कपिले, येड लागलंय त्याला गो. भुंकू दे," पलीकडून हरी गाईला सांगायचा.

दोन हजार आठ साली महाडच्या डॉक्टर विनोदिनींनी कुशाबाचं रक्त तपासलं. त्यात पीएसए वाढलेला निघाला.

"थोरल्याचीबी हीच तपासणी झालेली, मुंबैला," कुशाबा म्हणाला.

सोबत आलेल्या नातीला, अंकितालाही कळेल अशा बेताने बाई बोलल्या, "पुरुषांच्या मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते. तिच्यातून हा पदार्थ रक्तात झिरपतो. कर्करोगात तो वाढतो. पण काही घराण्यांत तो उपजतच जास्त असतो, जशी कुणाची उंची. भावाचा वाढला होता का, पुढे कर्करोग निघाला का, विचारून या. लगेच सुईने तुकडा काढायचा की थोडं थांबून पुन्हा रक्त बघायचं, ते ठरवायला मदत होईल."

"त्याला विचारू? त्यापरीस मेलो तरी चालंल!"

एसटीत अंकिताच्या मनात एकच घोळत होतं. आजा मरायला तयार आहे, विचारायला नाही!

संध्याकाळी गडग्यावरून शिव्या सुरू झाल्या. अंकिताने ढवळ्याच्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "ढवळ्या, माझ्या आजाचा पीएसए वाढलाय. मोठ्या आजोबांचाबी वाढला व्हता का रे? कर्करोग निघाला का?"

"घरात हो, कार्टे!" कुशाबा खेकसला.

पलीकडून हरी गरजला, "कपिले, सांग त्या मेल्याला! माझाबी वाढलाच व्हता. दोनदा सुई घातली, कायबी नाय निघालं. बापाचं रक्त दोघांत, आन म्हणं मी चोर!"

"ढवळ्या, बापाचं रक्त हाय तर माझी हातभर जागा सोड म्हणावं!"

"कपिले, थुंक त्याच्यावर!"

अंकिताने त्यांना भांडू दिलं. ती गडगा चढून पलीकडे उतरली आणि थेट हरीसमोर उभी राहिली.

"मोठे आजोबा, उद्या सकाळच्या गाडीने महाडला चला. मुंबैचे कागद दाखवून डॉक्टरांशी बोला. आजाशी नाय बोललात तरी चालंल."