तिसऱ्या दरीतली तार

सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी पुढचं लढाऊ विमान चुकीच्या दरीत शिरलं.

ते चालवत होती टिटवी. रेडिओवर तोंडाला खळ नसतो म्हणून सोबत्यांनी ठेवलेलं हे नाव तिला आठ वर्षांपूर्वी चिकटलं ते चिकटलंच. त्या सकाळी मात्र ती गप्प होती. डोंगरांतून, जमिनीला धरून, चार विमानांची तुकडी नेण्याची परवानगी मिळवायची तर ही शेवटची परीक्षा होती. परीक्षकांना सगळे मास्तर म्हणत. ते दुसऱ्या विमानातून दोन किलोमीटर मागे, जरा उंचावरून येत होते. नियम सरळ होता: चुकीच्या दरीत शिरला तो नापास, पुढची संधी वर्षाने.

खालून उडताना आधी घड्याळ पाहायचं, मग नकाशा आणि शेवटी जमीन. हा क्रम टिटवी झोपेतही सांगू शकली असती. पण तिला आधी तलाव दिसला. डाव्या हाताला बंधारा, पलीकडे पांढरी खाण, सगळं हवं तसं. घड्याळ म्हणत होतं, अजून वीस सेकंद आहेत. पाठीमागून वारा असेल, अशी तिने मनाची समजूत घातली आणि वळली. तलाव भलताच होता. चौथी सोडून ती तिसऱ्या दरीत आली होती.

दरी आवळत गेली तशी चूक ध्यानात आली. पण ती उजव्या कड्याला चिकटून उडत होती, त्यामुळे वळायला डावीकडे सगळी दरी मोकळी होती. तिचे वडील तीस वर्षं डोंगररस्त्यावर बस चालवत होते. पुढचं दिसत नसेल तर वळायला जागा राखून ठेवावी, हे तिने लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून शंभरदा ऐकलं होतं. तिने विमान डावीकडे कलतं केलं, नाक वर ओढलं. तेवढ्यात समोर दरीच्या आरपार गेलेली जाड तार दिसली, खाणीच्या नव्या रोपवेची. ती नकाशावर नव्हती. विमान तारेच्या अलीकडूनच वळलं. टिटवीने डावीकडचा कडा तिरका ओलांडला, विमान उलटं करून नाक खाली खेचलं आणि सरळ होऊन चौथ्या दरीत उतरली. लवकर वळून वाचलेले वीस सेकंद यात खर्ची पडले होते. ती अगदी वेळेवर होती आणि मास्तर तेवढा वेळ डोंगराआड होते.

उतरल्यावर मास्तर खुशीत होते. मध्ये जराशी दिसली नाहीस, पण बाहेर आलीस ती घड्याळ लावून घ्यावं अशी, असं म्हणाले. जेवणाआधी कागदावर सही करतो, म्हणाले. टिटवीने हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि तिथेच थबकली. तार दिसली की हेल्मेट काढण्याआधी नकाशाखोलीत जायचं, भिंतीवरच्या नकाशावर लाल रेघ ओढायची, खाली सही आणि वेळ लिहायची, असा इथला शिरस्ता होता. उड्डाणांच्या फळ्यावर पाहिलं तर दोन वाजता दोन नवखे त्याच वाटेने जाणार होते. तलावही तोच लागणार होता.

नकाशाखोली सांभाळणारे काका पेन्सिलींना टोक करत बसले होते.

"काका, लाल पेन द्या."

"कुठे सापडली?"

"तिसऱ्या दरीत."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज तिसऱ्या दरीत कुणाला काम नव्हतं."

"मला होतं असं दिसतंय."

काकांनी पेन पुढे केलं. "सही वाचता येईल अशी कर. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

तिने वेळ लिहिली: ९.४३. मग जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तलाव बघून वळलीस?"

"हो."

"मीही त्याच तलावावर वळलो होतो एकदा. तेव्हा तिथे तार नव्हती, आणि मी कुणाला बोललोही नाही."

त्यांनी चुकीची दरी लिहिली, खाली तार लिहिली आणि निकालाचा रकाना कोरा ठेवून फाइल तळाच्या प्रमुखांकडे धाडली.

टिटवी पोटभर जेवली. वडिलांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वळायला जागा ठेवली होतीस ना, एवढंच विचारलं आणि शेजाऱ्याच्या नव्या गाडीचे दोष सांगायला लागले. ती खिडकीच्या कट्ट्यावर पाय सोडून हसत ऐकत राहिली. पावणेतीनला दोन्ही नवखे परतले. तलाव बघून हात वळायलाच निघाला होता, पण लाल रेघ आठवली, असं त्यांतल्या एकाने तिला जाताजाता सांगितलं.

संध्याकाळी सहा वाजता फाइल प्रमुखांच्या टेबलावर होती, उघडली गेली नव्हती. उद्याच्या फळ्यावर चार विमानांची तुकडी लिहून झाली होती, फक्त पहिल्या विमानापुढची जागा तेवढी रिकामी होती.