स्टुलावरची पिशवी

गच्चीवरची कामं आम्ही दोघं मिळून करायचो. मी वर, बायको खाली. वर पाइप बसवून त्यातून वायर ओढायची हे माझं काम. काढलेले फ्यूज पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन मीटरच्या बोर्डासमोर स्टुलावर बसायचं, हे तिचं. लोकांना वाटायचं, ही नुसती बसते. पण फ्यूज काढला म्हणून लोक स्वस्थ बसत नाहीत. एकाने फ्यूजच्या जागी चमचा घालायला आणला होता. तिने तोच चमचा हिसकावून त्याच्या बोटांवर मारला.

मी वर पोचलो की ती खालून ओरडायची, "अहो, दोर बांधला का?"

"बांधला!"

"ओढून दाखवा!"

एकोणीस वर्षं हे चाललं. मी वैतागायचो. मी काय काल जन्मलो का, असं म्हणायचो.

ती जाऊन पाच महिने झाले. इतके दिवस मी घरातच होतो. शेवटी बहीण म्हणाली, "दादा, भिंतीकडे बघत बसायचे कुणी पैसे देत नाही." तेव्हा हे काम घेतलं. एकटा चढू शकतो का, तेवढं बघायचं होतं. जमलं नाही तर अवजारं विकून टाकायची, असं ठरवून निघालो.

इमारत ओळखीची होती, चार मजली. पूर्वी आम्ही दोघांनी तिथे बरीच कामं केली होती. गच्चीवर जुनी वायर उघडीच पडली होती, उन्हाने तिचं वेष्टण सापासारखं सोललं होतं. ती काढून कठड्याच्या कडेने नवा पाइप न्यायचा होता. तोवर अख्ख्या इमारतीची वीज बंद.

सवयीने मी स्टूल मांडलं. सवयीने फ्यूज काढून तिच्या पिशवीत घातले, पिशवी स्टुलावर ठेवली आणि वर गेलो. पाइप कधी थेट गच्चीवर टेकवायचा नाही, खाली पाणी साचतं. चार बोटं उंच ठोकळे ठेवायचे आणि हात हात अंतरावर पट्टीने आवळायचा. अर्धा पाइप झाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्यूज खाली उघड्यावर, आणि पिशवीजवळ कुणीच नाही! माझ्या हातात जुन्या वायरचं टोक होतं. ते सोडून मी धावत खाली आलो.

बोर्डासमोर रांग लागली होती. सगळ्यात पुढे दुसऱ्या मजल्यावरचा गृहस्थ, हातात इस्त्री. तो स्टुलाला सांगत होता, "फक्त दोन शर्ट हो. कॉलर तेवढी." थोडा वेळ थांबला आणि मागच्याला म्हणाला, "नाही म्हणतात."

"कोण नाही म्हणतं?" मी विचारलं.

"काही बोलल्या नाहीत. म्हणजे नाहीच."

मी म्हणालो, "अहो, ती वारली. पाच महिने झाले."

"माहीत आहे आम्हाला," इमारतीचा सेक्रेटरी म्हणाला. "फार वाईट झालं. पण रांगेत मध्ये घुसू नका."

मी फ्यूज खिशात घालावेत म्हणून पिशवीला हात लावला. सगळे एकदम ओरडले. सेक्रेटरीने माझं मनगट धरलं.

"त्यांना विचारलंत?"

"माझेच फ्यूज आहेत!"

"मागच्या वेळी तुम्हीच मागितले होते. त्यांनी दिले का?"

दिले नव्हते. काम पुरं झाल्याशिवाय ती मलासुद्धा द्यायची नाही. मी हात मागे घेतला. इतका कडक पहारा तर तिच्या वेळीही नव्हता. मी पुन्हा जिना चढलो. मागून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "बरं, निदान एक शर्ट?"

आता निर्धास्त होतो. कठड्याजवळ पोचलो. शेवटचा वाकवलेला तुकडा बाहेरच्या अंगाला बसवायचा होता. एक पाय कठड्यावर टाकला, दुसरा उचलणार, इतक्यात खालून आवाज आला.

"अहो मिस्त्री! दोर बांधला का?"

आवाज तिचा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या आजींचा होता, खिडकीतून. मी कमरेकडे पाहिलं. पट्टा होता. दोर गच्चीच्या दाराशी वेटोळं करून पडला होता, सकाळी ठेवला तसाच.

मी पाय खाली घेतला. मग खालीच बसलो.

"मिस्त्री, ऐकू येतंय का?" आजी ओरडल्या. "सकाळपासून वाट बघतेय. तुम्ही वर गेलात की ती ओरडायची, मग मला झोप लागायची. आज कुणी ओरडेना. डोळ्याला डोळा नाही! म्हटलं, आता मलाच ओरडलं पाहिजे."

खालून सेक्रेटरी म्हणाला, "आजी, त्यांना विचारलंत का ओरडण्याआधी?"

"तू गप रे! तिने सांगितल्याशिवाय का ओरडतेय?"

मी रांगत दारापर्यंत गेलो, दोर आणला, टाकीच्या खांबाला दोन वेढे घेऊन पट्ट्यात अडकवला.

"बांधला!"

"ओढून दाखवा!"

पहिल्या मजल्यावरून गच्ची दिसत नाही. बोर्डासमोरूनही दिसत नव्हती, एकोणीस वर्षं. मी दोर दोन्ही हातांनी ओढून दाखवला.