दाराचा हात

“तो काढू नका,” भाऊजी म्हणाले. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत.

“हो भाऊजी, बघते,” मी म्हणाले. त्यांच्याशी सगळे असंच बोलतात. हो म्हणायचं आणि विषय दुसरीकडे न्यायचा. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतात, एकटे राहतात, अधूनमधून आमच्याकडे जेवायला येतात आणि हात धुतले की निघतात.

‘तो’ म्हणजे आमच्या दाराचा क्लोजर. दाराच्या वर तो लोखंडी डबा आणि त्याचा कोपरात दुमडणारा हात असतो ना, ज्यानं दार आपलं आपण लागतं, तो. आम्ही राहायला आलो तेव्हा आधीच्या भाडेकरूंनी बसवलेला होता. आमच्या लेकीनं, मुंगीनं, आत पाऊल टाकलं आणि बाकीचं घर बघितलंच नाही. दाराशी फतकल मारून बसली. दार ढकलायचं, सोडायचं, वर बघायचं. ते येत असताना म्हणायचं, “थांब… थांब…” आणि लागलं की, “टक.” मग पुन्हा पहिल्यापासून.

मुंगी पाच वर्षांची. ऑटिझम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हापासून मी मिळेल ते वाचत सुटले होते. या मुलांना एखाद्या गोष्टीचा असा नाद लागतो, हे बऱ्याच ठिकाणी सापडलं. पण तो लागतो कसा? घरात इतक्या गोष्टी आहेत, पंखा आहे, नळ आहेत, तिच्यासाठी आणलेली ढीगभर खेळणी आहेत. त्यातून हीच का? मला तो पहिला क्षण हवा होता. तो कळला तर लेक कळेल, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

“तू लहानपणी दारांशी खेळायचास का रे?” मी नवऱ्याला विचारलं.

“मी दारं आपटायचो. आईला विचार.”

“अजून आपटतो,” सासूबाई आतून म्हणाल्या.

सुरुवातीला त्याही हसत होत्या. पाहुण्यांना दार उघडायला हिला पगारावर ठेवू या, म्हणायच्या. मग मुंगी जेवायला उठेना, अंघोळीला उठेना. उचललं तर अंग ताठ करायची. शाळा सुरू व्हायला आली होती. दारापासून न हलणाऱ्या मुलीला वर्गात कोण बसवून घेणार, हा घोर तिघांनाही होता.

“थोरल्याला छत्र्यांचं वेड होतं,” सासूबाई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. “मोडक्या, फाटक्या, कुणाच्याही. उघड-मीट, उघड-मीट. मी एका दुपारी सगळ्या देऊन टाकल्या. रडला नाही, मागितल्यासुद्धा नाहीत. डोळ्यांआड झालं की संपतं गं.”

त्यांच्या बोलण्यात कोरडेपणा नव्हता. त्या घाबरलेल्या होत्या, माझ्याइतक्याच.

रविवारी नवऱ्यानं स्टूल घेतलं आणि क्लोजर उतरवला. मुंगी बघत उभी होती. दाराला राहिलेल्या भोकांकडे तिनं थोडा वेळ पाहिलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. आम्ही आकांताची तयारी ठेवली होती. काहीच झालं नाही.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या.

“उगाच घाबरत होतो,” नवरा म्हणाला.

आणि खरंच, ती जेवायला बसायला लागली. उचललं की उचलली जायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, किती शहाणी झाली हो. मीही मान डोलावली. पण मला बघत राहायची खोड आहे. ती जेवायची, पण ताट पुढे सरकवून आणखी मागायची ते बंद झालं. कुणी कुठल्याही दाराजवळ गेलं की आधीच कानांवर हात. आणि ‘थांब’ गेला, ‘टक’ गेला. तिच्याकडे शब्द होतेच किती. एकेक करून बाकीचेही जायला लागले. एका सकाळी मी मुद्दाम तिचा पाण्याचा पेला वर ठेवला. आधी तिनं माझा हात धरून ओढत नेलं असतं. आता ती पेल्याकडे बघून परत फिरली. तहान लागलेली असून.

भाऊजी फोन उचलत नाहीत, म्हणून मी दुकानात गेले. मागच्या खोलीत ते एक काच उजेडासमोर धरून फिरवत होते.

“काढला,” मी म्हणाले.

“माहीत आहे. आई येऊन सांगून गेली. खूश होती.”

“भाऊजी, तुमचं छत्र्यांचं कसं सुरू झालं?”

त्यांनी काच खाली ठेवली, पुसली, परत उचलली.

“शाळेच्या व्हरांड्यात. सगळी पोरं ओरडत होती. बाईसुद्धा. माझ्या डोक्यात सगळं एकदम शिरायचं तेव्हा. अजूनही शिरतं. एका बाईंनी छत्री मिटली. आठ काड्या एकदम खाली आल्या. एकही पुढे नाही, एकही मागे नाही.”

“मग?”

“मग बाकीचं ऐकू यायचं थांबलं.”

“आणि तुम्ही?”

“मी ती उघडली. बाईंनी मारलं.” ते हसले की काय, ते कळलं नाही. “परत मिटली तरी तसंच. कितीदाही करा, तसंच. असं दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.”

“सासूबाई म्हणतात, एका दिवसात सुटलं.”

“मागायचं सुटलं,” भाऊजी म्हणाले. “मागून मिळत नाही म्हटल्यावर मी पाणीपण मागत नव्हतो. बरेच दिवस. आईला वाटलं, शहाणा झाला.”

माझ्या डोळ्यांपुढे वर ठेवलेला पेला आला.

“मग मुंगीचं कशानं सुरू झालं असेल?”

“मला काय माहीत? मी छत्र्यांचा होतो.” त्यांनी यंत्र सुरू केलं. बोलणं संपलं होतं.

घरी येऊन मी नवऱ्याला एवढंच म्हणाले, परत बसव. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. भोकं सैल झाली होती, स्क्रू धरेनात. त्यानं आगपेटीच्या काड्या मोडून आत ठोकल्या, मग धरले. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवत होत्या.

मुंगी आली नाही. मग तिच्या जागी, फरशीवर, मीच बसले. इतके महिने मी मुलीकडे बघत होते. मुलगी बघत होती तिकडे एकदाही बघितलं नव्हतं. दार ढकललं, सोडलं. ते वेगानं आलं. आता आपटणार म्हणून माझे खांदे आपोआप वर गेले. आणि चौकटीजवळ येऊन ते सावकाश झालं. हात कोपरात मिटत गेला, दार अगदी हळू आत आलं आणि बारीकसं वाजलं.

मी पुन्हा ढकललं. पुन्हा खांदे वर, पुन्हा तसंच. जुन्या घरातलं स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं धाडकन लागायचं, आणि मांडीवरची मुंगी थिजायची. आम्ही म्हणायचो, भित्री आहे. मला वाटतं, तिथून आलं असावं हे. जे आपटणारच, ते न आपटता लागतं, असं तिला इथे पहिल्यांदा दिसलं असेल. खात्री नाही. तिला सांगता येईल तेव्हा ती सांगेल, आणि कदाचित माझं सगळंच चूक निघेल.

कितव्यांदा तरी दार लागताना माझ्या दंडाला काहीतरी टेकलं. मुंगी शेजारी येऊन बसली होती. मी दार ढकललं, तिनं वर पाहिलं.

‘थांब’ परत आला आहे. ‘टक’ अजून नाही. पाण्यासाठी हात मात्र ओढते. जेवण आम्ही दाराशी देतो. शाळेत जाऊन मी एकदा त्यांची दारं बघून येणार आहे.

तुमच्याही नात्यात असं कुणीतरी असेल. ज्याला कसलंतरी भलतंच वेड होतं, ते कुणीतरी सोडवलं, आणि त्यानं कुरकूरसुद्धा केली नाही म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच्याकडे एकदा जाऊन या. फोन नका करू, जा. तो काही मागतो का, तेवढं बघा.