सतरावी पायरी

सकाळी आठला धुकं इतकं दाट होतं, की वीस पावलांपलीकडचा माणूस नुसता आकार वाटत होता. "आज शहर रजेवर आहे," गाईडबाई म्हणाल्या, "पण मी आलेय, तेव्हा भागवून घ्या." बोटीवरून उतरलेली चौदा माणसं हसली. बोट एकला सुटणार होती. तोवर जुनं शहर पायी फिरवायचं काम बाईंकडे होतं.

घोळक्यातून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. आयुष्यभर औषधांच्या दुकानात पुड्या बांधलेला माणूस. मागे त्यांची लेक त्यांचा मफलर घेऊन उभी होती.

"ताई, बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल. जकातीच्या धक्क्याच्या पायऱ्या तेवढ्या दाखवा. वरून सतरावी. माझे वडील तिथून होडीत बसले ते परत आलेच नाहीत. आई त्या पायरीवर उभी होती. मी तिच्या पोटात. मरेपर्यंत ती पायरीचा नंबर सांगायची."

"बाबा, सगळ्यांना सांगायलाच हवं का?"

"मी ताईंनाच सांगतोय. बाकीचे ऐकतायत त्याला मी काय करू?"

बावीस वर्षं बाई हे काम करत होत्या आणि त्यातली निम्मी तरी त्या उलट्या चालल्या असतील. तोंड माणसांकडे, पाठ रस्त्याकडे. कुठला दगड वर आलाय, कुठे गटाराचं झाकण हलतं, ते टाचांना पाठ होतं. आजही त्या तशाच चालत होत्या. "उजव्या हाताला तटबंदी," त्या म्हणत, आणि चौदा माना वळत, चौदा जण पांढऱ्याशुभ्र पोकळीकडे आदराने बघत. कुणी तिचा फोटोही काढी. भिंती जवळ आल्या की दिसत, हात लावला की ओल्या लागत, आणि चार पावलांत पुन्हा विरघळून जात. हळूहळू सगळे कुजबुजत बोलायला लागले, कुणीतरी झोपलंय आणि त्याला जाग येईल, तसे. स्वतःच्याच आवाजातून शहर उभं राहतंय असं बाईंना वाटू लागलं.

घड्याळाच्या मनोऱ्याशी रस्ता दोन धक्क्यांकडे फुटत होता, एक जकातीचा आणि एक मिठाच्या गोदामाचा. "आता उजवीकडे," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

पायऱ्या आल्या. म्हातारे काका एकेक मोजत उतरले, सतरावीवर टेकले आणि तळवा दगडावर ठेवून बसून राहिले. खाली पाणी नुसतं ऐकू येत होतं. मनोऱ्याने अकरा वाजवले. काकांचे खांदे हलत होते. लेकीने मफलर त्यांच्या गळ्यात घातला.

मनोऱ्याखालच्या टपरीवर सगळे चहा पीत होते तेव्हा बारा वाजले. डोक्यावर ठोके पडताना बाईंच्या हातातला कप थांबला. अकराचे ठोके त्यांनी समुद्राकडे तोंड करून ऐकले होते. उजव्या कानाने. जकातीच्या धक्क्यावरून मनोरा डावीकडे पडतो. म्हणजे "उजवीकडे" त्या माणसांच्या हिशेबाने म्हणाल्या होत्या, पण उलट्या चालताना वळल्या होत्या स्वतःच्या उजव्या हाताला, म्हणजे माणसांच्या डावीकडे. धुक्यात सगळे त्यांच्या आकारामागे आले. काका बसले ती मिठाच्या गोदामाची पायरी होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. काकांचा चेहरा धुतल्यासारखा निवांत झाला होता. बोट सुटली की पुन्हा कोण येतंय विचारायला? बाईंनी कप खाली ठेवला.

"काका, माझी चूक झाली. मी तुम्हाला भलत्याच पायऱ्यांवर नेलं."

लेक उसळली. "मग आता कशाला सांगितलंत? बरं चाललं होतं ना त्यांचं?"

काकांनी मान वर केली. "म्हणजे मी मिठाच्या गोदामावर रडून आलो?"

"हो."

"तिथे खाऱ्या पाण्याची काय टंचाई होती," ते म्हणाले आणि उठले. "किती लांब आहे?"

"सहा मिनिटं. साडेबाराला तुम्हाला बोटीवर असायला हवं."

बाकीच्यांना टपरीवरच थांबवून तिघं निघाली. या खेपेला बाई सरळ चालल्या.

पायऱ्या तशाच, एकाच गवंड्याच्या हातच्या. काकांनी मोजायला सुरुवात केली. बारा, तेरा, चौदा, आणि पाणी. अकरा वाजता सतरावी कोरडी असणार, आता भरती चढली होती.

"खाली तीन राहिल्या," बाई म्हणाल्या. "एकेक वीतभर उंचीची. मांडीपर्यंत येईल. शेवाळ आहे."

"बाबा, अजिबात नाही."

काका बूट काढत होते. बाईंनीही चपला काढल्या, साडी खोचली आणि त्यांच्या आधी एक पायरी उतरून हात वर धरला. पाणी गार होतं. पंधरा. सोळा. काकांचं पाऊल चाचपडलं, दगडावर बसलं.

"सतरा," ते हळूच म्हणाले.

समोर पांढरं. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दूर कुठेतरी बोटीचा भोंगा वाजला आणि लेकीने वरून घड्याळ पाहिलं.

"चार मिनिटं आहेत, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "उभे राहा हवं तर."

काका उभे राहिले. मांडीपर्यंत पाण्यात, दोन्ही हात पोटाशी धरून.