दोन पांढऱ्यांचा डाव

ताई जायच्या आत तिला एकदा, फक्त एकदा हरवायचं, एवढंच माझं मागणं होतं. आमच्याकडे एक लाकडी पेटी आहे. आत षटकोनी फरश्या आणि चार रंगांच्या सोंगट्या. त्यांतून म्हणाल तो खेळ मांडता येतो: शर्यत मांडा, लढाई मांडा, वेढा मांडा. आणि म्हणाल त्या खेळात ताई मला धूळ चारते. लहानपणापासून चारतेय. ती बंदरावर क्रेन चालवते. उंचावर बसून खाली बघायची सवय असल्यामुळे माझ्या डोक्यात काय शिजतंय ते तिला माझ्याआधी कळतं. आता तिला लांबच्या मोठ्या बंदरावर बढती मिळाली होती आणि रविवारी संध्याकाळी तिची गाडी होती.

मग मी ठरवलं, खेळच वाढवायचा. जुन्या फरश्यांवरचे सगळे डावपेच तिला तोंडपाठ, पण नव्या मुलखात ती माझ्याइतकीच नवखी असणार की नाही? मी दातांच्या कवळ्या बनवतो. मेण, साचे, प्लॅस्टर सगळं हाताशी. मागच्या खोलीत मी प्लॅस्टरचा डोंगर ओतला, दरी केली, दरीवर पूल टाकला, आणि हिरड्यांसाठी आणलेला गुलाबी मसाला वापरून एक नदी सोडली. नदी इतकी फर्मास झाली की मी तिच्याकडे बघून एकटाच हसत बसलो.

बायकोचं म्हणणं असं की बरा चाललेला खेळ, त्याला हे शेपूट कशाला? हरायचंच आहे तर जुन्यावर हरावं, निदान जेवायचं टेबल तरी मोकळं राहील. मी म्हटलं, तू बघच.

पट वाढला तशा सोंगट्या कमी पडायला लागल्या. मग नवं सैन्य केलं, अर्थातच दातांच्या मसाल्याचं. एक फौज पांढरी आणि दुसरी पांढरी. म्हणजे एक जरा पिवळसर झाकेची आणि दुसरी जरा राखाडी. आमच्या धंद्यात या दोन रंगांची गल्लत करणाऱ्याला कोणी दारात उभं करणार नाही. मला तर ते दिवस आणि रात्रीसारखे वेगळे दिसत होते.

रविवारी दुपारी मांडीवर ताटं घेऊन आम्ही जेवलो आणि डाव मांडला. पिवळसर ताईचे, राखाडी माझे. ज्याचे पाच शिपाई आधी शिखरावर, तो जिंकला. ताईनं पहिल्याच चालीला पेटीतला लाकडी अडसर उचलून पुलावर ठेवला. ज्याचा अडसर, त्यालाच पूल खुला. माझी वाटच बंद. संपलं, म्हटलं, याही डावाची काशी झाली.

आणि मग ताईनं माझा शिपाई उचलला.

उचलला, टकटक पुलावरून नेला आणि डोंगरावर चढवला. म्हटलं, चुकून झालं असेल. थोड्या वेळानं तिनं आपला एक चढवला, आणि पाठोपाठ परत माझा! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिला फरकच दिसत नव्हता. समोरचं सगळं सैन्य तिला एकाच रंगाचं दिसत होतं, आणि विचारायचं सोडून ही बाई अंदाजानं रेटून खेळत होती! माझ्या पोटात हसू मावेना. गप्प राहावं की सांगावं? मी गप्प राहिलो. गाल चावून चावून तोंडाची सालं निघाली, पण गप्प राहिलो. माझी पाळी आली की मी आपले दोन शिपाई हळूच दुसऱ्याच एका वाटेनं वर नेले.

"झालं," ताई हात झटकत म्हणाली. "पाच वर. जिंकले."

मी दातांचा रंग जुळवायची पट्टी आणली आणि एकेक शिपाई पट्टीशेजारी धरून दाखवला. वर पाच राखाडी होते. तिचे पिवळसर दोनच. बायकोनं डोळे बारीक करून बघितलं आणि मला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. ताई मात्र खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्यासमोर हात केला आणि म्हणाली, रंग तुझा तर डाव तुझा, सुरेख खेळलास.

जन्मभर ज्याची वाट बघितली, ते समोर आलं होतं. मी हात हातात घेतला आणि माझा चेहराच पडला. धड नाचताही येईना.

"ताई, त्यातले तीन तूच चढवलेस," मी म्हटलं. "मी बघत होतो."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पटाकडे, आणि मग अशी हसत सुटली की खुर्चीवरून घसरता घसरता वाचली. बायको हसली, मी हसलो, नदीचा एक तुकडा खाली पडला. डोळे पुसत ताई म्हणाली, आजवर तिला हरवणारं कोणी भेटलं नव्हतं, शेवटी तिची तीच भेटली. आता ही बातमी नव्या बंदरावर पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगणार.

मग एकदम ती थांबली. शिखरावरच्या शिपायांवर बोट टेकवत म्हणाली, "तीन मी आणले. मग हे दोन कसे आले? पूल तर मी अडवला होता."

"मागून," मी म्हटलं.

डोंगराच्या मागे, जिथं नव्या फरश्या जुन्या फरश्यांना भिडत होत्या, तिथून एक चिंचोळी वाट वर जात होती. ती मी मुद्दाम केली नव्हती. पूल बंद झाल्यावर पट चहूबाजूंनी धुंडाळला, तेव्हा ती मला सापडली होती.

ताई उठली. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली, जमिनीवर गुडघे टेकले आणि डोळे पटाच्या पातळीला आणून ती वाट तळापासून शिखरापर्यंत बघितली. गाडीची वेळ होत आली होती आणि तिची बॅग अजून उघडीच पडली होती.

"ही मला दिसलीच नव्हती रे," ती म्हणाली.

मी टेबलाभोवती नाचायला लागलो. बायको विचारत होती, म्हणजे शेवटी जिंकलं कोण? मला थांबून सांगायला फुरसत नव्हती.