थोरल्याच्या वाट्याचं मीठ

धाकट्याने वितळलेलं मेण बरणीच्या झाकणाभोवती ओतलं आणि ते गार व्हायच्या आत त्यात अंगठा दाबला. चटका बसला. त्याने अंगठा तसाच दाबून धरला.

त्याची बायको मुलीच्या जुन्या गणवेशाची पट्टी फाडत होती. दर वर्षी ती त्या वर्षी विटलेल्या एखाद्या कपड्याची पट्टी बरणीच्या गळ्याला बांधायची.

"कुठल्या वाफ्यातलं भरलंत?"

"शेवटच्या."

पट्टी फाडणारा हात थांबला. मग तिने गाठ मारली. नेहमीपेक्षा घट्ट.

*

शेवटचा वाफा म्हणजे नळाच्या तोंडाशी असलेला. नळ थोरल्या भावाच्या कारखान्याचा, खाडीत सांडपाणी सोडणारा. थंडीची केसाळ, मऊ जाकिटं दुकानांत जाण्याआधी तिथे धुतली जातात. कापड प्लॅस्टिकच्या धाग्याचं. प्रत्येक धुण्यात त्यातून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. ते अडवायला नळावर जाळी बसवलेली होती. पण जाळी तुंबते, तुंबली की काम थांबतं. म्हणून जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि तपासणीच्या दिवशी नळावर चढते.

भरतीचं पाणी खाडीतून मिठागरात येतं. ऊन पाणी घेऊन जातं. बाकीचं सगळं वाफ्यात राहतं.

*

व्यापाऱ्याने माल परत पाठवला तेव्हा धाकट्याला वाटलं, पांढऱ्याशुभ्र मिठाला नावं ठेवायची म्हणजे कमालच झाली. मग सुनावणी लागली. अधिकारी बाईंनी त्याला भिंगातून बघायला लावलं. मिठाच्या खड्यांत निळे, शेंदरी, काळे केस अडकले होते. केस नव्हेत, तंतू.

थोरला समोरच बसला होता.

"अहो बाई, तंतू आज कुठे नाहीत? पावसात आहेत, वाऱ्यात आहेत. ह्याच्या मिठात आधीपासून नव्हते हे कशावरून?"

ह्याच्या. माझ्या भावाच्या नाही, आमच्या बाबांच्या मिठागरातल्या नाही. ह्याच्या.

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. "कारखान्याच्या आधीचं मीठ आहे तुमच्याकडे? बंद, न उघडलेलं?"

मीठ विकायला पिकवतात, साठवायला कोण पिकवतं? तो नाही म्हणाला.

"मग पुढच्या सोमवारपर्यंत काही सापडलं तर आणा. नाहीतर मला मिठागराचा परवाना बंद करावा लागेल."

*

थोरल्याकडे जाताना बसमध्ये बसल्याबसल्या त्याने मनातल्या मनात सूड घेऊन पाहिले.

नळाच्या तोंडात सिमेंट ओतलं. (दुसरा नळ आला.)

थोरल्याची कॉलर धरली. (थोरला उंच होता. लहानपणीही होता.)

कारखाना पेटवला. (आत माणसं होती. माणसांना बाहेर काढून पेटवला. तरी जमेना.)

शेवटी मांडीवरची बरणी उरली. हंगामातलं पहिलं मीठ थोरल्याच्या घरी, ही बाबांनी लावलेली पद्धत. झाकणाला मेण, मेणावर अंगठा. म्हणजे वाटेत कुणी उघडली नाही याची खूण. बाबा होते तोवर त्यांचा, त्यानंतर धाकट्याचा. भांडण झालं म्हणून पद्धत कशी मोडायची? खा म्हणावं. वर्षभर खा. तुझं तुलाच.

*

"भाऊजी, हात धुवून घ्या, पानं घेतलीच आहेत," वहिनी म्हणाली. तिने बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि आत गेली.

थोरला आधीच बसला होता. शेजारी त्याची नात, दोन उश्यांवर चढवलेली.

"आलास?"

"आलो."

"मला वाटलं, यंदा खाडा करतोस."

"मीठ पिकलं तर येणारच. खपतंय कुठे?"

थोरला हसला नाही, रागावलाही नाही. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि रश्शात बुडवला. धाकटा त्याचा हात बघत राहिला. तोंडापर्यंत गेलेला घास, हललेला जबडा. गेल्या वर्षीचं मीठसुद्धा काही स्वच्छ नव्हतं. म्हणजे हे चालूच होतं, आज नव्याने काही करायचं नव्हतंच. त्याला आत कुठेतरी गार वाटलं.

"आजोबा, मला अंड्यावर मीठ."

नातीने मिठाच्या भांड्याकडे हात लांब केला. धाकट्याने ते पटकन आपल्याकडे ओढून घेतलं. कशाला, ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही.

पोरगी त्याच्याकडे बघायला लागली. थोरलाही.

"द्या की तिला," वहिनी आतून येता येता म्हणाली. "ते दुकानातलं आहे."

भांडं धाकट्याच्या हातात होतं. त्याने ते जरासं कलंडवलं. मीठ पिठासारखं सरकन घसरलं. त्यांच्या वाफ्यातलं मीठ असं कधीच घसरत नाही. खडे असतात, ओल धरतात.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं. थोरला ताटातच बघत होता.

"ह्यांना बारीक लागतं," ती म्हणाली. "झाली की वर्षं. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनच."

थोरल्याने पाणी प्यायलं. पेला रिकामा झाल्यावरही तो ओठांशी तसाच धरून ठेवला.

धाकट्याने पोरीच्या अंड्यावर चिमूटभर मीठ भुरभुरवलं. "पुरे?"

"अजून."

*

म्हणजे थोरल्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून.

*

ताट ठेवायला धाकटा स्वयंपाकघरात गेला. वहिनी स्टुलावर उभी राहून आजची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर सरकवत होती. तिथे रांग होती. भिंतीपासून खिडकीपर्यंत बरण्या, सगळ्यांच्या गळ्यात पट्ट्या. आजचा गणवेश. त्याच्या शेजारी बायकोचा हिरवा झगा. त्याच्या मुलीचं पहिलं दुपटं. आणि भिंतीला टेकलेली, धुळीने माखलेली, बाबांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाची.

"तुम्ही फोडलीच नाही एकही?"

"रागावू नका भाऊजी. वापरवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. मीठ आहे, ते पण घरचं. कचऱ्यात कसं टाकायचं?"

"ती कडेची?"

"मामंजींनी भरलेली शेवटची. जुनी संपली की फोडणार होते, तेवढ्यात कारखाना सुरू झाला, ती राहिलीच." तिने हात लांब करून ती खाली काढली, पदराने पुसली. मेण पिवळं पडलं होतं. त्यात अंगठा होता, रुंद, मधोमध कापल्याची रेघ असलेला. बाबांचा.

 धाकट्याने शर्टाच्या बाह्या वर सरसावल्या.

"वहिनी, फळी वाकलीय तुमची. एवढं वजन कशाला? नेतो मी सगळ्या."

ती त्याच्याकडे बघत स्टुलावर जरा वेळ उभी राहिली. मग एकेक बरणी पुसून खाली देऊ लागली. भिंतीपासून खिडकीकडे, ओळीने. "ती जाड पिशवी घ्या," ती म्हणाली. "मधे वर्तमानपत्र घाला. उलटसुलट होऊ देऊ नका."

*

थोरला दारातच भेटला.

"काय नेतोयस?"

"मीठ."

"सगळं?"

"तुला काय उपयोग त्याचा?"

थोरल्याचा चेहरा सैल झाला. ताटावर बसल्यापासून पहिल्यांदाच. "ने की. नुसतं पडलंय. मी हिला कधीचं सांगतोय, त्याचं त्याला देऊन टाक." त्याने वाकून पिशवीचा एक बंद धरला. "सोड, मी घेतो. जड आहे. तुझी कंबर आधीच गेलीय."

बस थांब्यापर्यंत पिशवी थोरल्यानेच वाहिली. वाटेत दोनदा हात बदलला. बस आल्यावर आत चढून त्याने ती सीटखाली नीट बसवली, वरची बाबांची बरणी कलंडत होती म्हणून काढून धाकट्याच्या मांडीवर दिली. खाली उतरून खिडकीशी आला.

"जपून ने. फुटतील."

"नाही फुटणार," धाकटा म्हणाला. "सोमवारी भेटू."

"सोमवारी?" थोरल्याने निरोपाला हात वर केला. मग त्याची नजर धाकट्याच्या मांडीवर गेली. निळी चौकड्याची पट्टी. न फुटलेलं मेण.

बस निघाली. थोरल्याचा हात तसाच वर राहिला. धाकट्याने खिडकीची काच लावून घेतली.